एका डोळ्याने बघणारे काचवाले

पाहुणा म्हणून गेल्यावर पाण्याचा ग्लास आधी डोळ्यांसमोर धरून त्यातून यजमानांकडे बघणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमचे काचवाले. ग्लास नीट धुतला गेला नाही की काय, या शंकेने घरची बाई कानकोंडी व्हायची. आणि हे डावा डोळा मिटून, उजव्याने, पाण्यापलीकडे तिचं नाक कानापर्यंत कसं ताणलं जातंय ते निरखत असायचे. मग सावकाश पाणी पिऊन म्हणायचे, "कड छान आहे." कड ग्लासाची की नाकाची, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

इंदिरानगरात विजेच्या सामानाच्या एका दुकानावर आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ हा मालकांचा शब्द. प्रत्यक्षात दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि कधीच थंड न करणारा एसी. मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. लग्नाच्या पडद्यावर फिरणारी नावं, साड्यांच्या दुकानाची जाहिरात, भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे व्हिडिओ, असला माल तिथे तयार व्हायचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे मजकूर लिहायला जात असे. 'दमदार', 'कणखर' आणि 'जनमानसातील' हे शब्द आलटून पालटून बसवणं एवढंच ते काम, पण त्यामुळे काचवाले मला गुरुजी म्हणायचे. मी त्यांना भाऊ म्हणायचो.

व्हिडिओत ते काढायचे ती काच साऱ्या नाशकात माहीत होती, त्यांचं नावही तिच्यावरूनच पडलं होतं. मागे गोदावरीचा घाट, पुढून एक जाड काचेची पट्टी सरकत जाते, तिच्या आडून पायऱ्या वाकतात, दिवे लांबतात, कडेला लाल-निळा धागा चमकतो आणि पट्टी पुढे गेली की सगळं पुन्हा जागच्या जागी. हे करायचं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी करड्या रंगाचं एक ओबडधोबड चित्र दाखवलं. त्यात जिथे पांढरं असेल तिथलं मागचं दृश्य एका बाजूला ढकललं जातं, काळं असेल तिथलं दुसऱ्या बाजूला, आणि करडं म्हणजे जागेवर राहा. "काच काढायची नसतीच, गुरुजी," ते म्हणाले. "मागचं थोडं सरकवायचं. लोकांना आपोआप काच दिसती."

हे तपासताना ते नेहमी डावा डोळा मिटत. पडदा चपटा आहे, त्याला दोन डोळे लावायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. खांद्यावर मान कलती, एक डोळा मिटलेला, हात माउसवर, असे ते तासन् तास बसत. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस आपल्याकडे बघून डोळा मारतोय. एका भावी नगरसेवकाने परत मारलाही होता.

त्या धंद्यात एक अलिखित नियम होता. काच कशावरूनही जावो, पुलावरून, गर्दीवरून, महापुरुषांच्या पुतळ्यांवरूनही, पण ज्यांचा व्हिडिओ त्या साहेबांच्या चेहऱ्यावरून जाताना तिने काहीही वाकवायचं नाही. त्यासाठी काचवाले चेहऱ्याभोवती हाताने कुंपण घालायचे, म्हणजे तेवढा भाग करडा राहायचा. "काच सगळ्यांना सारखीच वाकवती," कुंपण घालताना ते म्हणायचे, "साहेबांपुरतं तिला सांगावं लागतं." असल्या वाक्यांवर शेठ खोकायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

नाही म्हणायची ताकद मात्र त्यांच्यात होती. एकदा एक माणूस वारलेल्या वडिलांच्या श्रद्धांजलीचा व्हिडिओ करून घ्यायला आला आणि त्याने फोटोवर काच मागितली. काचवाल्यांनी त्याला चहा पाजला, वडिलांची चौकशी केली आणि सांगितलं, "घरातल्या फोटोला काच असणारच हाय. इथं तरी राहू द्या मोकळे." तो माणूस मान हलवून गेला. काचेचे बुडालेले पैसे शेठ दोन दिवस मोजत होते.

मग ते मॉनिटरला नावं ठेवू लागले. पडदा पोटात बसलाय, मधल्या रेघा आत जातात, म्हणाले. शेठनी कुरकुरत दुसरा मॉनिटर आणला. तोही तसाच निघाला. मग विजेचा दाब, मग टेबल, मग खिडकीचे गज उन्हाने वाकलेत असा शोध. गजांकडे मी पाहिलं. ते मुकाट सरळ उभे होते. मी माझ्या मजकुराकडे वळलो, कारण कारागिराच्या कुरकुरीत फार लक्ष घालायचं नसतं असं मला वाटे. शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली. पडदा जितका आत जातो तितकं चित्र बाहेर ढकलणारा एक थर त्यांनी सगळ्या कामावर पसरला. खराब मॉनिटरवर काम करायचं, आणि व्हिडिओ बाहेर काढताना तो थर बंद करायचा.

सिन्नरला एका साहेबांच्या हस्ते सभागृहाचं उद्‌घाटन होतं. त्यांच्या कामांचा व्हिडिओ आमच्याकडे होता. शेठना घाई होती, काचवाल्यांचं काम तपासून बघायची तिथे पद्धतच नव्हती, आणि तो थर बंद करायचा राहिला. संध्याकाळी भल्या मोठ्या पडद्यावर पूल आला, रस्ता आला, त्यांवरून काच देखणी सरकली आणि मग साहेब आले. नाक फुगलेलं, एक गाल कानाकडे निघालेला, खाली नाव धनुष्यासारखं. पडद्यासमोर खरे साहेब उभे राहून आपला कारभार किती सरळ आहे ते सांगत होते. लोक पदर आणि टोप्या तोंडावर धरून हसत होते. एक कार्यकर्ता आमच्यापाशी येऊन कुजबुजला, "ओ, सायबाला काय मधमाशी चावली का काय? बंद करा ते." मी काचवाल्यांकडे पाहिलं. डावा डोळा मिटून ते पडद्याकडे बघत होते आणि लोक कशाला हसतायत ते त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ ओरडायचं तेवढं ओरडून घरी गेले. काचवाल्यांनी तोच व्हिडिओ कॉम्प्युटरवर लावला आणि साहेबांच्या चेहऱ्यावर थांबवला.

"थर राहिला, ते कबूल," ते म्हणाले. "पण इथं या मॉनिटरवर सरळच दिसतोय ना?"

"नाही भाऊ. इथेही वाकडाच आहे."

"नीट बघा."

"मी दोन्ही डोळ्यांनी बघतोय. तुम्ही दुसरा उघडा."

त्यांनी डावा डोळा उघडला. मग उजवा मिटला. मग पुन्हा डावा. खिडकीच्या गजांकडे वळून तेच केलं. खाली दुकानात कोणीतरी पंखा लावून बघत होतं, त्याची घरघर ऐकू येत होती. ते म्हणाले, "म्हणजे मॉनिटर चांगला होता."

डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग सुजलाय. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. त्याने आणखी बिघडायचं थांबेल कदाचित, गेलेलं बहुतेक परत येणार नाही. आणि दुसऱ्या डोळ्यावर लक्ष ठेवायचं. काचवाल्यांना सरळ रेघेवाचून दुसरं पोट भरायचं साधन नव्हतं. त्यांनी हे सगळं आम्हाला रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. डॉक्टरांनी घरी भिंतीला लावून रोज एकेका डोळ्याने रेघा तपासायला चौकटींचा एक कागद दिला होता. "त्यात मधोमध आपली काच लागलेली असती," ते म्हणाले. "एवढी चांगली मला कधी जमली नाही." 

पुढे वर्षभर ते डाव्या डोळ्याने काम करत राहिले. मान आता दुसऱ्या खांद्यावर कलायची. शंका आली की मला हाक मारायचे, मी उठून जायचो, आणि रेघ सरळ आहे एवढं सांगून परत 'कणखर'कडे वळायचो. सुरुवातीला हे आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं. मग रोज. मग मी माझी खुर्चीच त्यांच्या शेजारी नेली.

एका दुपारी दागिन्यांच्या दुकानाचं काम चाललं होतं. एक साधी आडवी सोनेरी रेघ होती, काच वगैरे काही नाही.

"गुरुजी, सरळ हाय?"

मी पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. दुकानदाराने ते दहा सेकंद पाहिलं असतं आणि तो विसरला असता. पण विचारणारे काचवाले होते.

"नाही. मध्ये खाली गेलीय."

त्यांनी मान हलवली. "मला आत्ता सरळ बसली असं वाटलं. डाव्यानं बघतोय मी." मग त्यांनी काम बंद केलं. बदल ठेवायचे का, असं कॉम्प्युटरने विचारलं. त्यांनी 'नाही'वर बोट दाबलं, चष्मा पुसला आणि शेठना फोन करायला बाहेर गेले.

ते आता सायखेड्याला भावाकडे असतात. नदीच्या बाजूला घर आहे. फोनवर कांद्याबद्दल बोलतात, डोळ्यांबद्दल नाही. स्टुडिओत काच आता एका बटणावर मिळते, कुंपणासकट. साहेब लोक तिच्यात टवटवीत दिसतात.

जाताना त्यांनी आम्हा प्रत्येकाला एक गोष्ट बजावून सांगितली होती. दोन्ही डोळ्यांनी बघून काही कळत नाही, एक डोळा दुसऱ्याची चूक झाकून घेतो. रोज एकेक मिटून बघा. तेव्हापासून सकाळी न्हाणीघरात मी टाइल्सच्या सांध्यांसमोर उभा राहतो. आधी एक डोळा, मग दुसरा. सुरुवातीला बायको बाहेरून विचारायची, आत झोप लागली का. मी तिला काचवाल्यांची सगळी हकीकत सांगितली.  हल्ली चहाचं आधण ठेवलं की ओट्यावरच्या फरशीसमोर तीही एका डोळ्यावर तळवा धरून उभी असते. मी दारात थांबतो, आणि तिचा दुसरा डोळा बघून होईपर्यंत चहा मागत नाही.