पुढचं पाखरू

हिवाळ्यात करकोच्यांचे थवे आमच्या गल्लीवरून नाथसागराकडे जायला लागले की रिबकामावशी हातातलं काम टाकून अंगणात यायची आणि सगळ्यात पुढे उडणाऱ्या पक्ष्याला शिव्या द्यायची. "सरक की मागं, मेल्या! किती येळ तूच?" मान दुखेपर्यंत ती वर बघत राहायची. मग थव्याची ती तिरपी रांग जराशी हलायची, पुढचा पक्षी बाजूला होऊन मागे जायचा, दुसरा त्याच्या जागी यायचा. मावशीचा चेहरा खुलायचा. "हां! ह्याला म्हणत्यात शहाणपण. आमच्या दान्याला दावा कुणीतरी."

दान्या म्हणजे दानिएल पंच. बिडकीनजवळच्या आमच्या ख्रिस्ती गल्लीतल्या लहानशा मंडळीचा कायमचा पुढारी. पाळकसाहेब शहराच्या छावणीतून महिन्यातून एकदाच यायचे. बाकीचे रविवार उपासना दानिएल पंच चालवायचा, मंदिराची, म्हणजे आमच्या चर्चची, चावी त्याच्या कमरेला असायची आणि कोणाच्या घरी बारसं कधी करायचं इथपर्यंत सगळं तोच ठरवायचा. मी त्याला अहोजाहो करत नाही. तोंडावर करत होते, कागदावर करणार नाही.

मी मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आई लवकर गेली, मावशीनं मला सांभाळलं. तिचं लग्न पोलीस ॲक्शननंतरच्या एक-दोन वर्षांतलं. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर. माणूस मऊ, पण त्याच्या डोक्यात एक खूळ होतं. उपासनेत शास्त्रपाठ एकाच माणसानं का वाचायचा? मास्तरकाकांनी पोरींना, म्हाताऱ्यांना, अडखळत वाचणाऱ्यांनासुद्धा पाळीपाळीनं पुढे उभं करायला सुरुवात केली. दानिएल पंचाला त्यात कट दिसला. त्यानं तेव्हाच्या पाळकांचे कान भरले आणि काकांना मंडळीतून कमी केलं. त्याच वर्षी काका छातीच्या दुखण्यानं गेले.

मातीला कोणी आलं नाही. दानिएल पंचानं घरोघरी फिरून सांगितलं होतं, "जो खांदा देईल त्यो बी भाईर." आमच्यात माती लोटण्याआधी पंचानं गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे आणि शेवटची प्रार्थना करायची असा रिवाज आहे. काकांसाठी कोणी शब्द बोललं नाही. शेजारच्या धनगरवाड्यातली माणसं मेंढरं वाड्यात कोंडून आली आणि पेटी उचलून घेऊन गेली. तेव्हापासून दर नाताळला फराळाचं पहिलं ताट धनगरवाड्यावर जायचं. गल्लीत मात्र मावशी कोणाशी भांडली नाही. लोकांना वाटलं, बाई विसरली. बाई काही विसरलेली नव्हती. मला जवळ घेऊन एवढंच म्हणाली, "सुशे, मास्तरांच्या मातीचं ह्या माणसाच्या तोंडून मंडळीसमोर वदवून घेतल्याबिगर म्या मरायची नाय."

संधी यायला बरीच वर्षं गेली. छावणीत नवे, तरुण पाळकसाहेब आले. कापणीच्या सणाची उपासना त्यांनी मंदिराबाहेर, लिंबाखाली घेतली. दानिएल पंच लांबलचक प्रार्थना करत होता आणि वरून थवा आला. मावशी उठून उभी राहिली.

"पाळकसाहेब, वर बघा."

"ए बाई, उपासना चालू हाय," दानिएल पंच गुरकावला.

"ही बी उपासनाच हाय. देवानंच उडवलीत ना ती?"

सगळ्यांनी माना वर केल्या. नेमका तेव्हाच पुढचा पक्षी मागे गेला. मावशीनं बोट दाखवलं. "बघितलं? पुढच्याला वारं लई लागतं. मागच्याला त्याच्या आडोशानं सोपं जातं. म्हणून दमला की त्यो मागं येतो, मागचा पुढं जातो. समदे मिळून पोचत्यात. आपल्यात पुढचा कधी मागं आला का?"

"मी दमलो नाय अजून," दानिएल पंच म्हणाला.

"कोणतं पाखरू म्हणतंय दमलो म्हणून? मागच्यानी वळखायचं आसतं."

पहिल्यांदा एक म्हातारी हसली, मग सगळे हसले. नव्या पाळकसाहेबांना ती गोष्ट इतकी आवडली, की त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. दर महिन्याला एक घर. चावी त्या घराकडे, उपासना त्या घराची, कोणाची माती असली तर चार शब्द आणि प्रार्थनाही त्या घराची, बाई असो की बाप्या. कोणी अडला, आजारी पडला, तर पुढच्या घरानं न बोलवता त्याची जागा घ्यायची. सुरुवात मंदिराच्या बाजूनं करू, असं ते म्हणाले. तिथलं पहिलं घर दानिएल पंचाचं. मावशी हात जोडून म्हणाली, "मंदिराकडून नगं साहेब, वढ्याकडून धरा. गरिबाला आधी मान द्यावा." ओढ्याकडचं पहिलं घर आमचं. पाळकसाहेबांचे डोळे पाणावले. घरी आल्यावर मावशी पदर तोंडात धरून हसली. "टाकला का नाय शेवटाला?"

लोक तिला मंडळीची आई म्हणायला लागले. तिच्या मनात काय चाललंय ते मलाच ठाऊक होतं. तिला फक्त दानिएल पंचाचा नाही, सगळ्या गल्लीचा सूड घ्यायचा होता. मास्तरांच्या मातीला जे दारं लावून बसले होते, त्या प्रत्येकाला ती पुढे उभं करत होती. कोणी कां-कूं केलं की म्हणायची, "उभं ऱ्हा. खाली मान घालून बसायला आता जागा ठेवली नाय म्या." आणि ते उभे राहिले. कापऱ्या आवाजात वाचता वाचता सरळ बोलायला लागले. दानिएल पंचाला न विचारता लग्नं ठरवू लागले. सूड म्हणून केलेल्या कामातून अशी धीट माणसं तयार झालेली मी दुसरीकडे कुठं पाहिली नाहीत.

फेरी संपली आणि दानिएल पंच चावी द्यायला अख्खी गल्ली उतरून आमच्या दारी आला. मावशी भांडी घासत होती. शेवटचं पातेलं घासून, विसळून, पालथं घालेपर्यंत तिनं त्याला उभं ठेवलं. मग ओल्या हातानं चावी घेतली. त्या दिवशी आमच्याकडे गोड शिरा झाला.

पण तिची एक चूक झाली होती आणि ती तिला पुढच्या फेरीत कळली. दानिएल पंचाच्या महिन्यात त्याला ताप भरला. आता पुढच्या घरानं उभं राहायचं. शेवटच्या घरापुढचं घर म्हणजे पुन्हा पहिलं, आमचंच! मावशीनं कपाळावर हात मारला. पांढरं लुगडं नेसून, वाटभर पुटपुटत ती मंदिरात गेली. आजाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची पद्धत, तीही तिला मोडता येईना. "देवा, दानिएल पंचाला बरं कर." घरी येऊन पाटावर आदळली. "लवकर कर म्हणलं. माझ्यामागचं लचांड तरी सुटंल." त्याला शेवटी टाकायच्या नादात तिनं त्याला स्वतःच्याच गळ्यात बांधून घेतलं होतं. तरी पाळी तिनं एकदाही चुकवली नाही. त्याच्या दुखण्यात ती उभी राहिली, त्याच्या पोराच्या अपघातात राहिली, प्रत्येक वेळी शिव्या देत.

मावशी अंथरुणाला खिळली तो महिना नेमका दानिएल पंचाचा. तोही आता वाकला होता. मी छावणीतल्या शाळेतून रजा घेऊन आले होते. गल्लीतल्या बायांनी सुचवलं, "मावशे, आपण पाळी बदलूया. त्याच्या हातून नगं तुझी माती."

"बदलायची नाय. आज माझ्यापायी बदलाल, उद्या त्याच्यापायी बदलाल. मग पुन्यांदा हायेच त्याचं राज्य." जरा दम खाऊन ती माझ्याकडे वळली. "आन् मला त्योच पायजे, सुशे. चार शब्द त्यालाच बोलावं लागत्याल ना? मास्तरांना गाळू देऊ नगं त्याला."

दोन दिवसांनी ती गेली. सगळी गल्ली आली होती, धनगरवाडाही आला होता. दानिएल पंच पुस्तक छातीशी धरून कबरीच्या डोक्याशी उभा राहिला. मावशी कष्टाळू होती, तिचा गळा गोड होता, तिनं मंडळी बांधली, असं सगळं तो बोलला. मग घाईघाईनं म्हणाला, "त्यांचे यजमान लौकर गेले. आता आपण प्रार्थना करू."

"त्यांच्या मातीला कोण होतं?" मी विचारलं.

कोणीही मला गप्प बस म्हणालं नाही. एकेकाळी दारं लावून बसलेली ती माणसं आता सरळ त्याच्या तोंडाकडे बघत होती.

दानिएल पंच म्हणाला, "कुणी नव्हतं. म्या येऊ दिलं नाय कुणाला. मास्तरांचा काय बी गुन्हा नव्हता."

त्यानं डोळे मिटले, "हे देवा" म्हणाला आणि पुढे त्याला शब्दच सुचेना. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण पुढचं घर आमचं होतं.

मी जागची हलले नाही. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटत होतं. त्याच्या नाकातून पाणी येत होतं, पुस्तक सावरत नव्हतं. मावशीच्या वाटणीचं, काकांच्या वाटणीचं आणि माझ्या वाटणीचं मी ते डोळे भरून बघून घेतलं. मन भरल्यावर पुढे गेले आणि त्याच्या हातातून पुस्तक घेतलं. तो मुकाट्यानं मागे सरकून माझ्या पाठीशी उभा राहिला.

प्रार्थना मी पूर्ण केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. त्याचं मला नीट ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं म्हणा," मी मागे न बघता म्हणाले.

तो मोठ्यानं म्हणाला. मग मी पहिली मूठ माती टाकली.