लंगोटाची शिवण

महाळुंग्यातल्या बाळांच्या वस्तूंच्या दुकानात एक तरुण कंपनीच्या गणवेशातच आला होता, चार दिवसांच्या लेकीसाठी लंगोट घ्यायला. प्रत्येक लंगोट उलटा करून त्याची शिवण स्वतःच्या गालावर घासायचा. टोचली की म्हणायचा, "रिजेक्ट." सुवासाचे वाइप्स तर त्याने पाकीट वाचूनच परत सारले.

दुकानदार वैतागला. "बाईमाणसाला पाठवा की राव. पुरुषांना यातलं काय कळतंय?"

"कंपनीत दिवसभर लोखंड तपासतो मी. लोखंडाचं कळतं, आन् माझ्या पोरीला काय टोचतंय ते कळणार न्हाई व्हय? काढा दुसरा गठ्ठा."

मागे मी उभा होतो. माझ्या दोन मुलांचा एकही लंगोट मी कधी हातात धरला नव्हता. नातवासाठी घेतलेला लंगोट मी उलटा केला आणि गालावर घासला.

टोचला.