भोक पाडलेलं झाकण

आमचे सासरे लिफ्ट दुरुस्त करत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या बाल्कनीत सर्किटचे बोर्ड घरीच बनवायचा उद्योग सुरू केला आणि माझ्या डोक्याला ताप झाला. तांब्याचा पातळ थर असलेली पाटी, नको तेवढं तांबं खाऊन टाकणारं हिरवं ॲसिड आणि त्यावर वाकलेले सासरे. कोणाची बेल वाजेना, कोणाचा पंप वेळेवर बंद होईना, की बोर्ड तयार! मी कुरकुर केली की म्हणत, "सूनबाई, नीट सांभाळलं तर हे ॲसिड वर्षानुवर्षं चालतं."

सांभाळायचं म्हणजे, ते काळपट पडलं की थोडं पेरॉक्साइड ओतायचं. पण त्यातून वायू निघत राहतो, म्हणून त्यांनी बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडलं होतं.

सासूबाईंना घरात फुटकंतुटकं खपत नाही. परवा बाल्कनीतलं फडताळ आवरताना त्यांनी ते झाकण फेकलं आणि चांगलं घट्ट झाकण लावलं. नेमकं त्याच सकाळी सासऱ्यांनी पेरॉक्साइड ओतलं होतं.

दुपारी सासूबाईंची हाक आली, "अहो, ही बाटली फुगलीय बघा!" आणि स्वतः तिच्यावर वाकून न्याहाळत उभ्या!

"मागे हो! हात लावू नकोस!" सासरे असे ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. त्यांनी आम्हाला आत पिटाळलं, चष्मा आणि हातमोजे चढवले, बाटलीवर जाड ओलं फडकं टाकलं आणि झाकण हळूहळू सैल करू लागले. आम्ही बाल्कनीच्या दाराच्या काचेतून बघत होतो. सासूबाईंनी माझा दंड घट्ट आवळला होता.

फुस्स! बाटलीचं पोट खाली बसलं आणि आमचा जीव भांड्यात पडला.

"माझंच चुकलं," सासूबाई रडवेल्या झाल्या.

"तुझं नाही. मी तुला सांगितलंच नव्हतं. तुझ्या तोंडावर उडालं असतं तर..." सासरे हातमोजे उतरवत म्हणाले.

संध्याकाळी प्लॅस्टिकच्या टबात भरपूर पाणी घेऊन त्यांनी सगळं ॲसिड त्यात ओतलं. ॲसिड मारायला वरून चमच्याचमच्यानं धुण्याचा सोडा. फेस थांबला की खाली बसलेला गाळ घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायचा, मोरीत काही जाऊ द्यायचं नाही. "आता बंद करतो हे सगळं," ते म्हणाले. मला खरं तर बरंच वाटलं.

सासूबाई स्टूल ओढून बसल्या. "बंद कशाला? गल्लीतल्या प्रत्येकाला त्याची बेल समजावून सांगता, बायकोला एक बाटली सांगायला काय झालं होतं?"

सासरे आतून जास्तीचे हातमोजे आणि चष्मा घेऊन आले, सासूबाईंच्या हातात चमचा दिला आणि म्हणाले, "सावकाश घाल. फेस बसल्याशिवाय पुढचा नाही."