कुवेतचा सेंटर फॉरवर्ड

फॉरवर्ड चाचांना कुठं उभं राहायचं ते नेहमी आधी कळायचं. लिफ्टचं दार कुठं उघडेल, बस नेमकी कुठं थांबेल, लग्नात बिर्याणीचं पातेलं कुठल्या बाजूने येईल, हे ओळखून ते शांतपणे तिथं जाऊन थांबायचे. विचारलं तर म्हणायचे, "बॉलच्या मागे सगळेच धावतात. बॉल येणार कुठं, तिथं जाऊन थांबायचं."

दुबईत अल कुसैसला आमच्या बिल्डिंगमध्ये ते आणि चाची तिसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. मूळचे रत्नागिरीकडचे. टाइल्सच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते, पण त्यांची ओळख करून देताना नोकरीचा उल्लेख कुणी करत नसे. युद्धाआधीच्या कुवेतमध्ये एका क्लबाने त्यांना पगार देऊन सेंटर फॉरवर्ड म्हणून ठेवलं होतं. मग रणगाडे आले, क्लब बंद पडला आणि चाचा सगळं टाकून निघाले. माझे बाबा पाहुण्यांना ही हकिकत सांगत आणि शेवटी हमखास म्हणत, "युद्ध झालं नसतं तर मियाँ आज कुठं असते!" त्यावर चाचा चहाच्या कपात बघत राहत.

स्वतः चाचा मात्र एकच किस्सा सांगायचे. कुवेतहून निघालेली हजारो माणसं जॉर्डनच्या वाळवंटात विमानाची वाट बघत पडली होती. चाचांनी तिथं चिंध्यांचा चेंडू बांधून मॅच लावली. लाउडस्पीकरवर त्यांच्या नावाचा तीनदा पुकारा झाला, आणि हे गोलसमोर कॉर्नरची वाट बघत उभे. विमान गेलं. पुढचं चार दिवसांनी मिळालं, आणि मुंबईच्या विमानतळावर आलेल्या चाची रिकाम्या हाताने घरी परतल्या. गोल झाला का, असं आम्ही दर वेळी विचारायचो. "झाला ना," चाचा हळूच म्हणायचे, "पण चाचीसमोर नका विचारू."

शुक्रवारी संध्याकाळी बिल्डिंगमागच्या वाळूत ते आम्हा सात-आठ मुलींना शिकवायचे. ते हिंदीत बोलायचे, आम्ही इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचो, आणि दोघांचं जिथं जमेना तिथं अरबी "यल्ला", म्हणजे 'चला', पुरायचं. चुकल्यावर ते रागवत नसत. फक्त 'सॉरी' म्हणायला सक्त बंदी होती. सॉरी म्हणेपर्यंत समोरची पोरगी बॉल घेऊन पळते, असं त्यांचं म्हणणं.

मला त्यांनी फॉरवर्ड केलं. दोन वर्षांपूर्वी मी युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये निवडलीही गेले, आणि महिन्याभरात कोचने मला बाकावर बसवलं. आठ मॅच मी बाकावर. घरी येऊन जाहीर केलं की खलास, आता खेळणार नाही. आई म्हणाली, बरं झालं, अभ्यास कर. बाबा म्हणाले, कोच पार्शालिटी करतो. चाचांनी मला खाली पार्किंगमध्ये बोलावलं.

"एक गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "बाबांना आत्ता नको सांगू. मी इथून गेलो की हवं त्याला सांग."

कुवेतमधला शेवटचा हंगाम त्यांनी बाकावर काढला होता. गुडघा सुजायचा. त्यांच्या जागी एक चपळ पोरगा आला होता, आणि युद्धाच्या दोन महिने आधीच मॅनेजरने त्यांना नवा करार मिळणार नाही म्हणून सांगून टाकलं होतं.

"लोक म्हणतात युद्धाने खेळ घेतला. मी म्हणू दिलं. गुडघा म्हणजे किती छोटी गोष्ट, बेटा. गुडघ्याची गोष्ट कोण ऐकणार?"

मी विचारलं, "चाचा, वेअरन्ट यू अँग्री?"

"होतो ना. पंधरा दिवस मॅच बघितलीच नाही, नुसते बूट बघत बसलो. मग मान वर केली. तुम्हाला जे शिकवतो ते सगळं त्या बाकावर शिकलोय. खेळत होतो तेव्हा मला फक्त गोल दिसायचा."

दुसऱ्या दिवशी मी प्रॅक्टिसला गेले. बसले बाकावरच, पण सगळ्या मैदानाकडे बघत. हंगाम संपता संपता कोचने मला मागे, डिफेन्समध्ये घातलं आणि तिथं मी टिकले. चाचांना सांगितलं तर त्यांचा चेहरा जरा पडला. "डिफेन्स," ते म्हणाले. "असू दे. कुणीतरी ते पण केलंच पाहिजे."

गेल्या ऑगस्टमध्ये चाचांची नोकरी संपली, व्हिसा संपला. बाबा आणि मी त्यांना शारजाच्या विमानतळावर सोडायला गेलो. काउंटरवर बॅग तीन किलो जास्त भरली. उघडली तर आत हवा काढलेले वीस फुटबॉल, गावातल्या मुलींसाठी. चाचींनी त्या फुटबॉलांकडे नुसतं बोट दाखवलं. चाचांनी फुटबॉलखालचे आपले कपडे उपसायला सुरुवात केली. दोन शर्ट अंगातल्या शर्टावर चढवले, त्यावर लग्नाकार्याचा कोट घातला आणि उरलेला ढीग बाबांच्या हातात दिला.

"शर्ट रत्नागिरीला मिळतात," ते म्हणाले.

घामाने निथळत ते आत गेले. सिक्युरिटीच्या दारापाशी वळून त्यांनी निरोपाला हात उचलायचा प्रयत्न केला, पण एवढ्या कपड्यांत तो खांद्याच्या वर जाईना. मग चाचींनीच तो मनगटाशी धरून वर केला आणि आमच्याकडे बघून हलवला.