लाल कुठून सुरू करायचा

हॉस्पिटलात सगळे तिला फोटोताई म्हणत. तिला ते मुळीच आवडत नसे. "अहो, मी फोटो नाही काढत, मोजते," असं ती सुरुवातीला दिसेल त्याला सांगत सुटली. पण पालथ्या घड्यावर पाणी. मग तिनेही नाद सोडला. तसं लोकांचं फार चुकतही नव्हतं. ती मूळची फोटो स्टुडिओतलीच. चेहऱ्यावरची मुरुमं पुसणं, काळवंडलेले गाल उजळ करणं, मिटलेल्या डोळ्यांच्या जागी दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे बसवणं, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाईकाला स्वतःला जसं बघायचं असतं तसं दाखवायचं, हीच तिची रोजीरोटी. पुढे जो तो आपल्या फोनवर फोटो काढायला लागला, स्टुडिओला कुलूप लागलं, आणि उजेडाची जाण आहे म्हणून तिला या नव्या मशीनवर घेतलं.

मशीनचं काम सांगायला सोपं आहे. कातडीवर वेगवेगळ्या रंगांचा उजेड टाकायचा आणि परत येईल तो कॅमेऱ्याने टिपायचा. प्राणवायूने भरलेलं रक्त उजेड एका तऱ्हेने परत पाठवतं, प्राणवायू संपलेलं दुसऱ्या तऱ्हेने. त्यावरून मशीन ठिपक्याठिपक्याचा हिशेब करून पायाचा नकाशा रंगवतं. लाल म्हणजे मांस जिवंत, पिवळं म्हणजे धुगधुगी आहे, निळं म्हणजे कारभार आटोपला. ना सुई, ना काप. खोलीत अंधार करायचा, आधी एका पांढऱ्या टाइलवर कॅमेरा जुळवून घ्यायचा, मग पेशंटचा पाय.

पेशंटांना एक गोष्ट मात्र माहीत नसे. हे रंग पायात नसतातच. लाल कुठून सुरू करायचा, हे मशीनला माणूस सांगतो. स्क्रीनच्या कडेला एक पट्टी असते. ती खाली ओढली की जराशा प्राणवायूलाही मशीन निमूटपणे लाल म्हणतं. म्हणून पट्टी ठरल्या जागी ठेवायची आणि स्क्रीन पेशंटकडे वळवायचा नाही, असा नियम होता. फोटोताईने तो कधी मोडला नव्हता.

मग दादाचा पाय आला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, धंद्याने रंगारी. वडील गेले तेव्हा शाळा सोडून त्याने हातात ब्रश घेतला आणि हिला शिकवलं. हिचं लग्न जमेना, तेव्हा "माझ्या घरात तुझी खोली आहे, कोणाच्या बापाला भितेस?" म्हणून विषयच संपवला. जुन्या भिंतीला जुळणारा रंग तो नुसत्या नजरेने बनवायचा. "रंगात मला कोणी फसवून दाखवावं," हे त्याचं पालुपद. साखर वाढलेली, पण पथ्य म्हटलं की तोंड वाकडं. शिडीच्या पायरीवर अंगठा ठेचला, जखम चिघळली, आणि बोटं काळी पडायला लागली तेव्हा कुठे स्वारी हॉस्पिटलात आली.

"परत शिडीवर चढता येईल ना गं?" पाय कॅमेऱ्याखाली ठेवता ठेवता त्याने विचारलं. बाकी जगात त्याला काही नको होतं.

चित्र आलं. टाचेत पिवळा, कडेला थोडा लाल; पुढचा सगळा पाय निळा. तिने ते डॉक्टरांसाठी जसंच्या तसं पाठवून दिलं.

"दाखव की मला. लाल म्हणजे जिवंत ना? जेवताना तूच सांगत असतेस."

"दादा, पेशंटला दाखवत नाहीत."

"मी पेशंट आहे होय?" तो म्हणाला. आवाज त्याचा, पण आत भीती होती, आणि दादाला भ्यालेला तिने आजवर पाहिला नव्हता. तिला ते सोसलं नाही. तिने पट्टी खाली ओढली, स्क्रीन वळवला.

"अरे, हा तर लालभडक!" दादा लहान मुलासारखा हसला. तिला वाटलं, खरं काय ते डॉक्टर सांगतीलच, तोवर घटकाभर बरं वाटू दे बिचाऱ्याला.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "बोटं आणि पुढचा पाय काढावा लागेल. टाच वाचते आहे. खास बूट घालून उभे राहाल, कदाचित शिडीही चढाल. पण लगेच करायला हवं."

"बाई, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय," दादा म्हणाला आणि सोबत आलेल्या वहिनींच्या खांद्यावर हात टाकून घरी निघून गेला.

घरी तिने त्याच्यापुढे बसून सगळं सांगितलं. "दादा, तो लाल मी केला होता. तुला बरं वाटावं म्हणून."

दादा हसला. "पढवून पाठवलं वाटतं डॉक्टरणीने?"

"तुझी शपथ, दादा."

"माझी नको खाऊस. रंग मला कळतो."

वहिनींनीही तिलाच दटावलं. "वन्सं, कधी नव्हे तो माणूस हसतोय. कशाला मोडता घालता?" ती रडली, भांडली, डॉक्टरीणबाईंना फोनवर बोलायला लावलं. सगळ्यांना सारखंच उत्तर मिळालं. दादा येईल-जाईल त्याला लाल, पिवळा, निळा समजावून सांगे आणि खुर्चीत बसून ब्रश धुवत राही. खोटं तिचंच, पण आता ते तिच्या हातात उरलं नव्हतं.

तापाने फणफणलेल्या दादाला परत आणलं, तेव्हा काळेपणा घोट्याच्या वर चढला होता. "आता मांडीत पाय कापूनही वाचतील असं सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. "विष रक्तात गेलंय. उशीर केलात." उशीर कोणामुळे झाला, हे त्यांना सांगायची हिंमत तिच्यात नव्हती.

या खेपेलाही दादाचा पाय तिनेच कॅमेऱ्याखाली घेतला. चित्र आल्यावर त्याने स्वतःच मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. पावलापासून गुडघ्यापर्यंत निळा. निळा त्याला नीट कळत होता.

"म्हणजे तू खरं सांगत होतीस," तो म्हणाला.

ती त्याचा हात धरून रडायला लागली. "दादा, मला मार. शिव्या दे."

"वेडी आहेस का." त्याला धाप लागत होती. "तुझी वहिनी बाहेर उभी आहे गं. तिला आत बोलाव. पण आधी ते लाल कर. करता येतं ना तुला?"

तिने डोळे पुसले. पट्टी धरली आणि खाली ओढली. गुडघ्याजवळ थोडा लाल उगवला. आणखी ओढली. लाल नडगीपर्यंत कसाबसा उतरला आणि थांबला. पट्टी पार तळाला टेकली, तरी पाऊल निळंच होतं. लाल म्हणायला तिथे काही शिल्लकच नव्हतं. ती वेड्यासारखी पट्टी खाली रेटत राहिली.

तेवढ्यात दार उघडून वहिनीच आत आल्या. रंगांचा अर्थ त्यांना दादानेच घरी शिकवला होता. कोणाला काही सांगावं लागलं नाही.