प्रार्थनेतला ‘आज’

मुलांनो, सकाळी दुधात भाकरी कुस्करताना तुमच्या आजोबांची वाटी आठवली. शेवटच्या आजारात त्यांना घास गिळवत नव्हता, तरी मी भिंतीवर आठवड्याचा आहारतक्ता लावला होता. त्या संध्याकाळी दूधभाकरीचे कसेबसे तीन चमचे पोटात गेले.

“उद्या पाच घ्यायचे हं,” मी म्हटलं.

“अगं, तुझा तक्ता देवापेक्षा कडक आहे,” ते हसले. “प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ म्हणतो, म्हणजे आपण भाकर मागतो ती आजची. आजची मिळाली की.”

दुसऱ्या दिवशी ते गेले. वाटी भरलेलीच राहिली.

जन्मभर तो ‘आज’ मी घाईने म्हणून टाकला. आता तिथेच अडते; उद्याचे पाच चमचे मागून बसले होते, म्हणून पुढचं काही मागायची भीती वाटते. मग त्या दिवशी मिळालेले ते तीन चमचे आठवतात, आणि एकटीपुरती भाकरी समोर ठेवून मी उरलेली प्रार्थना म्हणते.