कुबडी पुढे गेली

आमच्या शिलाईच्या कारखान्यात अक्का काजं करायची. साधी काजं मशीनवर होतात, पण भारी कोटांची हातानेच करावी लागतात, आणि ती अक्काशिवाय कोणाच्या हाती मास्तर देत नसत. मास्तर तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी तेही तिला अक्काच म्हणत. तिसऱ्या वर्षी पोलिओने तिचा उजवा पाय गेला, तेव्हापासून बगलेत कुबडी. कुबडीच्या मुठीला तिने कापडाच्या पट्ट्या गुंडाळून वरून काजाचा टाका घातला होता, अगदी एकसारखा. अंगावरचा हा एकच दागिना, असं म्हणायची.

मी तिच्या शेजारच्या खोलीत राहते आणि कारखान्यात तिच्याच बाकावर बटणं लावते. त्यामुळे येता-जाता आमची सोबत, आणि निम्मी सोबत बसथांब्यावरची.

आमच्या थांब्याला छप्पर नाही, बाकडं नाही. एक खांब आणि त्यावर पाटी, ‘बावीस नंबर, दर वीस मिनिटांनी.’ अक्का म्हणायची, कोणत्या दिवसाची वीस मिनिटं, तेवढं लिहायचं राहून गेलंय. मध्ये एकदा खालच्या पायरीच्या दोन नव्या गाड्या आल्या. त्यांना अपंगांसाठी फळी होती. ती उघडायला एक लोखंडी आकडा लागतो, तो डेपोत असतो, असं कंडक्टरने सांगितलं. अक्का म्हणाली, "बरं झालं बाबा. डेपोत जाऊन घेऊन येते. डेपोला कुठली गाडी जाते?" सगळी रांग हसली, कंडक्टरही हसला. गाडी मात्र तिला न घेताच गेली.

खरी गोम अशी, की कुबडी दिसली की ड्रायव्हर गाडी थांबवत नसत. हिला चढायला दोन मिनिटं लागणार, मागे बोंबाबोंब होणार, त्यापेक्षा पुढे जाऊन थांबलेलं बरं. मग आम्हीच एक रीत काढली. गाडी वळणावर दिसली की अक्का खांबाला धरून उभी राहायची, चार बायकांसारखी. कुबडी आणि तिची पिशवी माझ्याकडे. गाडी थांबली की मी आधी चढायचे, पायरीवरच अडून राहायचे, आणि अक्का दोन्ही दांड्या धरून एका पायावर उडी घ्यायची. मागून कोणीतरी हात लावायचं. वर आल्यावर ड्रायव्हर वैतागून विचारायचा, ही कुबडी कुठून आली? ती म्हणायची, पाऊस पडला की उगवते.

सात-आठ वर्षं ही रीत चालली. एकदाही चुकली नाही.

त्या वर्षी अक्काच्या आईच्या छातीत पाणी झालं. गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठं हॉस्पिटल आहे, तिथे ठेवलं होतं. रात्री भाऊ थांबायचा. दिवसा भेटायची वेळ चार ते सहा, एक मिनिट पुढे नाही. म्हातारी नर्सच्या हातून खात नव्हती. अक्काच्या हातून चार घास जायचे, तेवढंच पोटात. मास्तर तिला तीनलाच सोडायचे आणि सोबत म्हणून मलाही. अक्का म्हणायची, "चौथीपर्यंत आईने मला पाठीवर शाळेत नेलंय. तिला कधी उशीर झाला नाही."

आईला मोतीबिंदूने दिसत नव्हतं, ऐकूही कमीच यायचं. अक्का पलंगाला कुबडी टेकवून ठेवायची. म्हातारी आधी ती मूठ चाचपायची, टाक्यांवरून बोट फिरवायची, मग तोंड उघडायची.

त्या गुरुवारी सकाळीच डॉक्टरांनी भावाला सांगितलं होतं, आता फार तर दोन-तीन दिवस. आम्ही तीनला थांब्यावर. एक गाडी आलीच नाही. दुसरी भरलेली आली, थांबली नाही. अक्का नेहमी काहीबाही बोलत असते, त्या दिवशी ती ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत होती. मीही घेत होते. चार वाजून दहा मिनिटांनी गाडी आली. तासभर खोळंबलेली माणसं दाराशी तुटून पडली. मी कुबडी आणि पिशवी घेऊन चढले, पायरीवर पाय रोवला. पण मागून असा रेटा आला की मी थेट आत फेकले गेले. घंटा वाजली. मी ओरडले, कंडक्टरला बाई खाली राहिलीय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, अर्धं गाव खाली राहिलंय. मागच्या काचेतून अक्का दिसली. खांबाला मिठी मारून उभी होती. कुबडी माझ्याकडे, डबा, फोन आणि पैसेही माझ्याकडेच.

पुढचा थांबा पुलापलीकडे. तिथे उतरून मागे जायला हवं होतं. मी उतरले नाही. साडेचार होत आले होते. वाटलं, परत गेले तर दोघींचीही वेळ जाईल. निदान आईच्या पोटात दोन घास पडतील, अक्का मागच्या गाडीने येईलच. आजही देवापुढे हात जोडले की आधी तो थांबा दिसतो.

मी वॉर्डात पोहोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. कुबडी पलंगाला टेकवली, ती केवळ सवयीने. डबा उघडेपर्यंत म्हातारीचा हात मुठीवर गेला होता.

"आलीस?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भात कालवून चमचा पुढे केला. तिने चार घास खाल्ले.

"आज बोलत नाहीस. गाडीने छळलं असेल. दमलीस, टेक जरा."

मी टेकले. सहाची घंटा होईपर्यंत तिचा हात मुठीवर होता.

तिकडे थांब्यावर अक्काला उभं राहवेना, म्हणून ती फुटपाथवर बसली. बसलेली बाई ड्रायव्हरला दिसत नाही. दोन गाड्या गेल्या. शेवटी समोरच्या किल्लीवाल्याने आणि एका गिऱ्हाइकाने तिला उचलून गाडीत घातलं, तिकीटही किल्लीवाल्यानेच काढलं. हॉस्पिटलच्या दारात ती आली तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. मी कुबडी घेऊन तिथेच उभी होते. पहारेकऱ्याला मी विनवलं. माणूस वाईट नव्हता, पण आदल्याच दिवशी त्याला वरून बोलणी बसली होती. उद्या चारला या, म्हणाला. अक्काने वाद घातला नाही. आई जेवली का, एवढंच मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कारखान्यात भावाचा फोन आला. अक्काने ऐकून घेतलं. हातातलं काज अर्धं झालं होतं, ते पूर्ण केलं, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, मग उठली. मास्तरांनी स्वतः रिक्षा आणली. तेव्हा मात्र पाच मिनिटांत मिळाली.

तिसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. मूठ कशी धरली, काय म्हणाली, आणि मी गप्प कशी राहिले. मला वाटलं होतं, ती मला बोल लावेल. लावायलाच हवे होते. तिने मुठीच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"माझं म्हणून खाल्लं ना तिने?"

"हो."

"मग ते मी जाऊन भरवायला हवं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुझं काही चुकलं नाही गं. मीच पाय लपवत बसले इतकी वर्षं."

सुतक संपल्यावर आम्ही पुन्हा कामाला निघालो. अक्का खांबापाशी गेली नाही. रांगेच्या सगळ्यात पुढे, रस्त्याच्या कडेला, कुबडी समोर रोवून उभी राहिली. पहिली गाडी आली, वेग कमी केला, आणि पुढे गेली. दुसरीही तशीच. नऊ वाजून गेले, मास्तर वाट बघत असणार. तिसरी वळणावर दिसली. मी सवयीने हात पुढे केला.

अक्काने कुबडी दिली नाही.